लाल न झालेला आकडा

एका लॅबच्या कलेक्शन सेंटरबाहेरच्या बाकावर कानावर पडलेलं हे बोलणं. पन्नाशीचे एक सडपातळ गृहस्थ, शर्ट नीट खोचलेला, पट्टा आतल्या भोकापर्यंत ओढलेला. शेजारी त्यांची मुलगी, हातात मोबाइल, मोबाइलवर नुकताच आलेला रिपोर्ट. ती एकेक ओळ वाचत होती. "बाबा, एमसीएचसी लाल आलंय." "ते काय असतं?" "थांबा, बघते." मग व्हिटॅमिन डी लाल निघालं, त्यावर उन्हात बसण्याची चर्चा झाली. ट्रायग्लिसराइड्स २६०, तेही लाल. त्यावर परवाच्या लग्नातल्या जेवणावळीची साक्ष निघाली. एकूण कोलेस्टेरॉल २१४ लाल, एचडीएल ३८ लाल. आणि मग तिचा आवाज एकदम मोकळा झाला: "पण एलडीएल १२४, काळ्या अक्षरात! बॅड कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे बाबा." गृहस्थ बाकावर मागे टेकले. एमसीएचसी, म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचा दाटपणा, याबद्दल कुणाला विचारायचं, यावर दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं. तो १२४ मात्र माझ्या डोक्यातून जाईना, कारण साऱ्या रिपोर्टात सगळ्यात जास्त विश्वास त्याच आकड्यावर टाकला गेला होता आणि मुळात तो कुणी मोजलाच नव्हता.

कोलेस्टेरॉल रक्तातून बारीक कणांत बसून फिरतं; एलडीएल, एचडीएल आणि व्हीएलडीएल ही त्या कणांची नावं. पुष्कळ लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, काढतात. एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, ही तीन मापं मशीन घेतं. एलडीएल ही त्यानंतरची वजाबाकी. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन या तिघांनी ही रीत दिली. तोवर एलडीएल वेगळं करायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागे, म्हणजे नळी प्रचंड वेगाने फिरवणारं मोठं यंत्र, तासन्‌तास वेळ आणि मोजक्याच ठिकाणी मिळणारी सोय. त्यांनी सांगितलं की ट्रायग्लिसराइड्सना पाचाने भागा, येईल ते व्हीएलडीएलमधलं कोलेस्टेरॉल धरा, आणि एकूणातून एचडीएल आणि हे व्हीएलडीएल वजा करा. २६० भागिले ५ म्हणजे ५२. २१४ मधून ३८ गेले, ५२ गेले, उरले १२४. म्हणजे ज्या ट्रायग्लिसराइड्सना लग्नाच्या पंगतीवर ढकलून दिलं, त्यांनीच एलडीएलचा आकडा खाली ओढला होता. ते १५० असते आणि बाकी दोन आकडे तेच राहिले असते, तर एलडीएल १४६ निघालं असतं आणि लाल झालं असतं. शिवाय हा पाचाचा भाजक ट्रायग्लिसराइड्स वाढतील तसा बिघडत जातो. ४०० च्या पुढे तर सूत्र वापरायचंच नाही, हे मूळ लेखातच सांगितलेलं आहे. अलीकडे काही लॅब मार्टिन-हॉपकिन्सची बदलत्या भाजकाची रीत वापरतात. तिच्यात अशा रक्ताला भाजक पाचाच्या वरचा लागतो आणि एलडीएल थोडं जास्त दिसतं. काही ठिकाणी 'डायरेक्ट एलडीएल' करतात. ते खरोखर मोजलेलं असतं, पण वेगवेगळ्या कंपन्यांची रसायनं चढ्या ट्रायग्लिसराइड्सच्या रक्तात एकमेकांशी जुळतीलच असं नाही. म्हणून दोन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी रीत तीच आहे का ते पाहावं. ती आकड्याखाली बारीक अक्षरात छापलेली असते.

त्याच रिपोर्टात याहून सोपी आणि याहून भरवशाची एक वजाबाकी करता आली असती. २१४ वजा ३८, म्हणजे १७६.

हे नॉन-एचडीएल. एचडीएल सोडून बाकीच्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल. यात भागाकार नाही, अंदाज नाही, उपाशीपोटी असण्याची अट नाही आणि जादा पैसे नाहीत. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत कमी जोखमीच्या माणसालाही एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत ठेवायला सांगितलं आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हेच आकडे ७० आणि १०० होतात. या मापाने त्या गृहस्थांचं एलडीएल २४ ने वर होतं आणि नॉन-एचडीएल ४६ ने. लॅबने मात्र एलडीएलची मर्यादा जुनीच, १३० छापली होती, म्हणून अक्षर काळं राहिलं.

रिपोर्टातल्या उजवीकडच्या रकान्याबद्दल मला जी तक्रार आहे ती हीच. तिथे दोन वेगळ्या जातीचे आकडे एकाच ठशात छापलेले असतात. एमसीएचसीची मर्यादा ठरते ती निरोगी माणसांची रक्तं तपासून. मधले ९५ टक्के आत, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर. म्हणजे धडधाकट माणसांतही वीसात एक जण त्या रेषेबाहेर असणार, हे रेषा आखतानाच कबूल केलेलं असतं. पॅकेजमध्ये अशा ६० तपासण्या असतील आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर ठणठणीत माणसाचा संपूर्ण रिपोर्ट काळा येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी राहते. काहीतरी लाल निघणारच. कोलेस्टेरॉलची मर्यादा या वाटेने ठरतच नाही. तिथे बहुसंख्यांचा आकडा काय, हा प्रश्न गैरलागू आहे, कारण बहुसंख्यांच्या धमन्यांत चाळिशी-पन्नाशीपर्यंत थोडाफार मेदाचा थर धरलेला असतोच. ती मर्यादा किती पातळीच्या खाली हृदयविकाराचे झटके कमी होतात यावरून ठरते आणि माणसागणिक बदलते. बायपास झालेल्याला १२४ फार आहे. तिशीतल्या, बाकी सगळं ठीक असलेल्या बाईला तेच १२४ घाई न करता हाताळता येतं. संगणकाला हे कळत नाही. तो एक ओळ दुसरीशी ताडून बघत नाही, माणसाचं वय बघत नाही, बाप कितव्या वर्षी गेला ते विचारत नाही. त्याला दिलेल्या रेषेच्या पलीकडे आकडा गेला की रंग बदलायचा, एवढंच त्याचं काम.

त्या आधी रक्त नळीत कसं जातं, यावरही बरंच अवलंबून असतं, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. धावतपळत आलेला माणूस खुर्चीत बसला न बसला तोच दंडाला पट्टा बांधला जातो. उभ्या माणसाच्या रक्तातलं पाणी थोडं ऊतींमध्ये उतरतं आणि कोलेस्टेरॉलसारखे मोठे कण मागे दाट होतात. आडवं झाल्यावर तोच आकडा दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. म्हणून रक्त द्यायच्या आधी पाच-दहा मिनिटं निवांत बसावं, आणि दर वेळी तसंच बसावं. पट्टा मिनिटभराहून जास्त राहू नये. शीर सापडत नाही म्हणून तो आवळून ठेवून थपडा मारत राहिलं, तर पाच मिनिटांत कोलेस्टेरॉल दहा-पंधरा टक्क्यांनी फुगतं. शीर मिळत नसेल तर पट्टा सोडून दुसऱ्या हाताला जायचं, हा नियम. मग बल्ब, म्हणजे रक्त भरायच्या नळ्या. आधी साधा, ज्यात रक्त गोठू द्यायचं असतं. मग जांभळ्या बुचाचा, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएचा, हिमोग्राम आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) यांसाठी. शेवटी करड्या बुचाचा फ्लोराइडचा, साखरेसाठी. क्रम चुकला, किंवा एका बल्बात कमी पडलं म्हणून जांभळ्यातलं थोडं साध्यात ओतलं, की ईडीटीएमधलं पोटॅशियम त्यात मिसळतं. मग समोर हसतबोलत बसलेल्या माणसाचं पोटॅशियम जीवघेणं आणि कॅल्शियम तळाला गेलेलं निघतं. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट असा जोड-आकडा बघताच फोन उचलतो आणि पुन्हा रक्त मागवतो. साध्या बल्बला अर्धा तास तरी गोठू द्यावं लागतं. घाई केली तर सिरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तावर उरणाऱ्या पाण्यात, फायब्रिनचे धागे राहतात आणि मशीनची सुई तुंबते. साखरेचं सँपल फ्लोराइडविना तसंच पडून राहिलं तर तांबड्या पेशी तासाला पाच-सात टक्के साखर खाऊन टाकतात, आणि मधुमेह असलेला माणूस कागदावर बरा होतो.

उपाशीपोटी किती तास, यावर अजून घरोघर वाद आहेत. डेन्मार्कने २००९ पासूनच साध्या लिपिड प्रोफाइलसाठी उपासाची अट सोडली, पुढे युरोपातल्या तज्ज्ञांनीही मान्यता दिली, आणि आपल्याकडच्या २०२४ च्या तत्त्वांनीही तेच म्हटलं आहे. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल जेवणाने फारसं हलत नाही. ट्रायग्लिसराइड्स चढतात, पण साध्या जेवणानंतर ते थोडे वाढतात, दुप्पट होत नाहीत. ४०० च्या वर आले तर मात्र बारा तास उपाशी राहून पुन्हा करावेत. दारूचा हिशोब वेगळा. आदल्या रात्रीचं पिणं दुसऱ्या दिवशीच्या ट्रायग्लिसराइड्समध्ये चक्क दिसतं. फारच वर, हजाराच्या पुढे गेले की सिरम दुधासारखं पांढरं दिसतं. ती नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली तर सकाळी वर सायीसारखा थर धरतो. अशा वेळी काळजी हृदयाआधी स्वादुपिंडाची करायची असते. आणि लग्नाची जेवणावळ? दोन दिवसांपूर्वीच्या जेवणाने २६० होत नाहीत. उपाशीपोटी २६० आले तर ते रोजच्या ताटातून, पोटाच्या घेरातून, साखरेतून किंवा थायरॉइडमधून आलेले असतात. थायरॉइड मंद असेल तर एलडीएलही चढतं, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी बघतात.

आता मूळ प्रश्न. या कणांचं आणि हृदयाचं नेमकं काय वैर आहे?

लोकांच्या डोळ्यांसमोर तुंबलेल्या पाइपाचं चित्र असतं, आणि ते चित्र दिशाभूल करतं. चरबी नळीच्या आतल्या पृष्ठभागावर चिकटत नाही. ॲपो-बी हे प्रथिन अंगावर असलेले कण भिंतीच्या अस्तरातून आत शिरतात आणि तिथे अडकतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, फुगतात, मरतात, त्यावर तंतूंचं झाकण धरतं. झटका बहुधा नळी पूर्ण बुजून येत नाही, हे झाकण फाटून त्यावर काही मिनिटांत गुठळी धरल्याने येतो. म्हणूनच कालपर्यंत जिना चढणाऱ्या माणसाला आज झटका येतो आणि घरचे म्हणतात, काहीच त्रास नव्हता हो. नवजात बाळाच्या नाळेच्या रक्तात एलडीएल ३० च्या आसपास असतं आणि त्यावर शरीराचं सगळं काम भागतं. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी पेशींवरचे एलडीएल पकडणारे रिसेप्टर शोधले, त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. ज्यांच्यात या रिसेप्टरची दोन्ही जनुकं बिघडलेली असतात, त्यांचं एलडीएल लहानपणीच ५०० च्या पुढे असतं आणि काहींना शाळेच्या वयात झटका येतो. धूम्रपान नाही, रक्तदाब नाही, ताण नाही, केवळ कण. या एका आजाराने बाकीचा पुष्कळसा वाद निकालात काढला. त्यातून एक गोष्ट पक्की झाली की आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो तो किती वर्षं तसा राहिला ते. साठीत सापडलेले १६० आणि पंचविशीपासून चालत आलेले १६० कागदावर सारखेच दिसतात.

आता कण मोजायचे तर ते कोलेस्टेरॉलच्या वजनावरून का मोजावेत? बाजारात लिंबं नगावर घेतात, किलोवर नाही. किलोभर लिंबांत किती नग आहेत ते लिंबाच्या आकारावर ठरतं. बारकी असतील तर त्याच वजनात जास्त बसतात. एलडीएल कोलेस्टेरॉल हे वजन आहे. ॲपो-बी हा नग आहे, कारण प्रत्येक कणावर, मग तो एलडीएल असो, व्हीएलडीएल असो वा त्यांच्या मधला उरलासुरला, ॲपो-बीचा नेमका एकच रेणू असतो. ट्रायग्लिसराइड्स वर आणि एचडीएल खाली असलेल्या माणसात एलडीएलचे कण बारीक आणि दाट होतात. वजन बरं दिसतं, नग भरपूर असतात. भिंतीत शिरणारा असतो तो नग. २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतल्या पहिल्या झटक्याच्या रुग्णांची तुलना निरोगी माणसांशी केली होती. त्यात ॲपो-बी आणि एचडीएलवरचं प्रथिन ॲपो-ए-१ यांचं गुणोत्तर सगळ्यात जड भरलं. त्याच माहितीतून हेही दिसलं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या जवळपास. ॲपो-बी लॅबमध्ये वेगळं मागावं लागतं, त्याला उपास लागत नाही, आणि ट्रायग्लिसराइड्स चढे असणाऱ्यांसाठी ते पैसे वाया जात नाहीत. परवडत नसेल तर नॉन-एचडीएलची फुकट वजाबाकी त्याच्या बरीच जवळ जाते.

"पण ते तर किती बारीक आहेत," असं अशा गृहस्थांबद्दल हमखास म्हटलं जातं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडची ही बारीक-लठ्ठ ठेवण याज्ञिकांनी पुण्याच्या नवजात बाळांतही दाखवली: वजन कमी, हातपाय काटकुळे, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. अशा शरीरात चरबी यकृताकडे जाते, यकृत ट्रायग्लिसराइड्सने भरलेले कण बाहेर सोडतं, एचडीएल घसरतं, एलडीएल बारीक होतं. वजनकाटा यातलं काहीच सांगत नाही. पोटावरची टेप थोडंफार सांगते, रिपोर्ट बरंच सांगतो, पण ओळी एकमेकींशी जोडून वाचल्या तरच.

एचडीएलची कथा जरा खिन्न करणारी आहे. ते 'चांगलं' म्हणून इतकं रुजलं की ते वाढवलं की झालं, असं साऱ्यांनाच वाटलं. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढवलं, आणि २००६ मध्ये चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते. नायसिन या ब-गटातल्या जीवनसत्त्वाने एचडीएल वाढवूनही झटके कमी झाले नाहीत. कमी एचडीएल म्हणजे पुढच्या अडचणीची खूण, हे खरं. पण खूण पुसली म्हणून अडचण जात नाही. तरीही 'एचडीएल वाढवण्यासाठी' म्हणून सकाळी ग्लासात घालून प्यायच्या गोष्टींची यादी दर महिन्याला नव्याने फिरत असते.

होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लाचंही तेच झालं, आणि ते तर थेट आपल्या घरातलं. १९६९ मध्ये किल्मर मॅकली यांनी जन्मतःच होमोसिस्टीन फार चढं असलेल्या मुलांच्या धमन्या पाहून ते धमन्यांना मारक असावं असं मांडलं. ते चढतं ते बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की. याज्ञिकांच्या गटाने पुणे आणि भोवतालच्या पुरुषांची रक्तं तपासली, तेव्हा दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी आणि निम्म्याहून अधिकांचं होमोसिस्टीन १५ च्या वर होतं. शहरी मध्यमवर्गात तर बी-१२ ची अवस्था सगळ्यात वाईट. वरण-भात, पोळी-भाजी, वाटीभर दही, आणि वर उपवास. आता प्रश्न सोपा वाटतो: बी-१२ द्या, होमोसिस्टीन उतरवा, हृदय वाचवा. होप-२ आणि नॉर्विट या २००६ च्या मोठ्या चाचण्यांत नेमकं हेच केलं. होमोसिस्टीन उतरलं. झटके होते तिथेच राहिले. बी-१२ भरून काढायलाच हवं, पण ते नसांसाठी, रक्तासाठी, हातापायांतल्या मुंग्यांसाठी. हृदयाच्या नावाखाली ते विकू नये. शिवाय ही तपासणी बिघडवणं फार सोपं आहे. सुई काढल्यावर नळीतल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला दहा टक्क्यांच्या आसपास. नळी लगेच बर्फात आणि तासाभरात सेंट्रिफ्यूज, अशी तिची अट. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून चार घरं फिरून आलेल्या सँपलचं होमोसिस्टीन २२ आलं, तर ते माणसाचं किती आणि डिकीचं किती, हे कुणी सांगू शकत नाही.

सीआरपीबद्दल थोडक्यात. न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करताना १९३० मध्ये सापडलेलं हे प्रथिन शरीरात कुठेही दाह असला की यकृतातून वाढतं. हृदयासाठी हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी लागतं: १ च्या खाली बरं, ३ च्या वर जोखीम जास्त, एकक मिलिग्रॅम प्रति लिटर. तापात करतात ते साधं सीआरपी इथे कामाचं नाही, ते इतकं बारीक मोजतच नाही. १० च्या वर आलं तर ते दुखऱ्या दाढेचं, सर्दीचं किंवा लघवीच्या संसर्गाचं समजावं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा करावं. ज्युपिटर चाचणीत, २००८ मध्ये, एलडीएल १३० च्या आत पण हे सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या १७,८०२ लोकांपैकी निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारी स्टॅटिन जातीची गोळी, दिलं आणि मोठे धोके ४४ टक्क्यांनी घटले. मात्र त्यांचं एलडीएलही निम्म्यावर आलं होतं, त्यामुळे श्रेय कोणाचं हा तंटा सुटला नाही. जनुकांवरून पाहिलं तर जन्मतः सीआरपी थोडं जास्त असणाऱ्यांना झटके जास्त येत नाहीत. तेव्हा सीआरपी स्वतः आग लावत नाही. गोळी सुरू करावी की नाही अशा कुंपणावर बसलेल्या माणसाबाबत ते कामाला येतं, एवढाच त्याचा मान. आणि ट्रोपोनिन हे या पंगतीतलं नव्हेच. ते हृदयाचा स्नायू दुखावल्यावर रक्तात येतं. छातीत दुखत असताना ते तातडीने, काही तासांच्या अंतराने दोनदा करायचं असतं. 'हार्ट पॅकेज'मध्ये ते घालून ठेवण्यात विक्रीची अक्कल जास्त आहे.

सगळ्यात शेवटी ती तपासणी, जी बहुतेक पॅकेजांत नसते आणि जी आयुष्यात एकदा केली तरी पुरते: लायपोप्रोटीन-ए. डॉक्टर मंडळी 'एलपी लिटल ए' म्हणतात. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा एलडीएलसारखाच कण, अंगाला आणखी एक प्रथिन गुंडाळलेला. त्याची पातळी जवळपास सगळी जनुकांवर ठरते, लहानपणीच ठरते, आणि चालणं, तूप सोडणं, वजन उतरवणं यातल्या कशानेही फारशी हलत नाही. स्टॅटिननेही नाही. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर म्हणजे जास्त. जगात साधारण पाचात एकाचं ते तसं असतं, आणि दक्षिण आशियाई लोकांत युरोपियनांपेक्षा सरासरी वरच. सिगारेट नाही, साखर नाही, एलडीएल बरं, तरी चाळिशीत स्टेंट पडला, अशा घरांत हा कण शोधायला हवा. खास याच्यासाठीची औषधं, पेलाकार्सेन आणि ओल्पासिरान, मोठ्या चाचण्यांत गेलेली आहेत. काही डॉक्टर म्हणतात, औषध नाही तर आकडा कळून काय करायचं? हा युक्तिवाद मला पटत नाही. तो कळला की एलडीएल १०० ला थांबायचं की ७० च्या खाली न्यायचं, गोळी पंचेचाळिशीत सुरू करायची की पस्तिशीत, हे ठरवता येतं. मन मात्र दोन्हीकडे ओढलं जातं, कारण ज्यावर आपला काडीचा ताबा नाही असा आकडा माणसाच्या हातात देणं सोपं नाही. काही जण तो ऐकून पथ्य सोडूनच देतात.

ही तपासणी मागताना दोन घोळ होतात. पॅकेजमध्ये ॲपो-ए-१ छापलेलं असतं आणि लोकांना वाटतं, झालं की हे. ते एचडीएलवरचं प्रथिन, याचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरा घोळ एककाचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. तिथे ५० च्या जागी १२५ ही रेषा धरतात. एकातून दुसऱ्यात जायला पक्का गुणक नाही, कारण या कणावरचं जादा प्रथिन कुणाचं आखूड तर कुणाचं लांब असतं आणि वजन त्याप्रमाणे बदलतं. १०० नॅनोमोलचा माणूस आणि १०० मिलिग्रॅमचा माणूस यांत मोठं अंतर आहे. ताप, शस्त्रक्रिया किंवा झटक्यानंतरच्या आठवड्यांत ही तपासणी करू नये. झटक्यानंतर चोवीस तास उलटले की एलडीएलही खोटं खाली येतं, म्हणून ते दाखल केल्याबरोबर तरी घ्यावं, नाहीतर सहा-आठ आठवडे थांबावं. लायपोप्रोटीन-ए जास्त निघालं तर सख्ख्या भावंडांचं आणि मुलांचंही एकदा करून घ्यावं. प्रत्येकाला ते मिळालेलं असण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरतात. आणि तो कागद फाइलला लावताना आकड्याबरोबर एककही पेनाने मोठं लिहून ठेवावं, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या गावातला डॉक्टर ती तपासणी पुन्हा करायला सांगणार नाही.